हाताने शिवलेल्या वहीचे पुठ्ठे परत परत वाकतात? आधी बाक कुठल्या दिशेचा आहे ते बघा

ठाणे-नवी मुंबईकडे घरी वह्या बांधणारे आता बरेच जण आहेत, आणि त्यांची एक तक्रार फिरून फिरून कानावर येते. शिलाई नीट झाली, कणा सरळ आला, दाबाखालून वही काढली तेव्हा पुठ्ठे अगदी सपाट होते. चार-पाच दिवसांत वरचा पुठ्ठा कडेने उचलला आणि वही तोंड उघडून बसली. परत दाबून ठेवली की सपाट, बाहेर काढली की परत तेच.

मग वजन वाढवलं जातं. विटा, डिक्शनऱ्या, पाण्याने भरलेला डबा, सगळं वहीवर चढतं. त्याने काही दिवस बरं वाटतं, पण बाक जात नाही, कारण वजन कमी पडलं म्हणून तो आलेलाच नसतो. पुठ्ठ्याच्या एका बाजूला कापड चिकटवलेलं असतं, दुसऱ्या बाजूला कागद. दोन्ही बाजू सुकताना पुठ्ठ्याला आपापल्याकडे ओढतात. ज्या बाजूची ओढ जास्त, त्या बाजूला पुठ्ठा वळतो. दुरुस्ती करायची ती या ओढीची.

म्हणून पहिलं काम, स्टीलची पट्टी घ्या. पुठ्ठ्यावर ती आधी आडवी ठेवा, कण्यापासून उघडणाऱ्या कडेपर्यंत, आणि मग उभी, वरून खाली. पट्टीखालून उजेड कुठे दिसतो ते बघा. ही दोन मिनिटं फार मोलाची आहेत, कारण वेगवेगळ्या दिशेच्या बाकाची कारणं वेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पट्टी दोन्हीकडून सपाट बसते आणि तरी वही उघडी राहते, असं असेल तर पुठ्ठा वाकलेलाच नाही. कण्याची पट्टी आणि पुठ्ठा यांच्यामधली खाच अरुंद पडली आहे. २ मिमी जाडीच्या पुठ्ठ्याला साधारण ७ मिमी खाच लागते. ५ मिमी ठेवली तर कापडाला दुमडायला जागा उरत नाही आणि पुठ्ठा बिजागरी अडकल्यासारखा अर्धवट उभा राहतो. अस्तराचा कागद, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटणारा कागद, वही उघडी ठेवून चिकटवला तरी असंच होतं. कागदाला खळ, म्हणजे मैदा शिजवून केलेली चिकी, लावायची, पुठ्ठा त्याच्यावर मिटायचा, दाबायचं, आणि मगच जरासं उघडून सुरकुती पडली का ते बघायचं. यावर दाबाचा किंवा कागदाचा काही उपयोग नाही, कव्हर नव्याने करावं लागतं.

आडवी पट्टी ठेवल्यावर मधे उजेड दिसतो आणि पुठ्ठ्याची मोकळी कड पानांपासून दूर गेली आहे, तर बाहेरच्या कापडाची ओढ जास्त आहे. हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. याच्या उलट कड पानांकडे वळली असेल तर आतला कागद जास्त ओढतोय. किंचित आत वळलेला पुठ्ठा मी तरी दोष मानत नाही. तो पानांना धरून राहतो, धूळ आत जात नाही.

उभी पट्टी ठेवल्यावर बाक दिसला, म्हणजे वरचा आणि खालचा कोपरा उचलला आहे, तर पुठ्ठ्याचा ग्रेन चुकला आहे. आणि पुठ्ठ्याला तिरका पीळ पडला असेल तर बहुधा पुठ्ठा, कापड आणि अस्तर यांचे ग्रेन एकमेकांना आडवे गेले आहेत.

ग्रेन म्हणजे काय ते इथे नीट समजून घेऊ, कारण निम्म्याहून जास्त वह्या इथेच बिघडतात. यंत्रावर कागद तयार होताना लगदा एका दिशेने पळत्या जाळीवर पडतो आणि त्यातले बहुतेक तंतू त्याच दिशेने लागतात. तंतूंची ही दिशा म्हणजे ग्रेन. पाणी लागलं की तंतू जाडीला फुगतो, लांबीला जवळपास वाढत नाही. त्यामुळे ओला कागद ग्रेनच्या काटकोनात पसरतो आणि सुकताना त्याच दिशेने आकसतो. ग्रेन कण्याला समांतर असेल तर हे पसरणं-आकसणं कण्यापासून कडेकडे होतं, तिथे पान मोकळं असतं, काही अडत नाही. ग्रेन कण्याला आडवा असेल तर कागदाला कण्याच्या लांबीने पसरायचं असतं, पण तिथे तो शिलाईने आणि फेविकॉलने जखडलेला असतो. मग शिलाईजवळ पानं लाटांसारखी उठतात, अस्तरावर चुण्या पडतात आणि पुठ्ठा वर-खाली वाकतो.

म्हणून वहीतल्या प्रत्येक गोष्टीचा ग्रेन कण्याला समांतर हवा: पानं, अस्तर, पुठ्ठा, कण्याची पट्टी, बाहेरचं कापड. कापडाच्या बाबतीत किनार कण्याला समांतर ठेवायची.

तपासायचं कसं? कागद न मोडता अलगद दुमडून हाताने दाबून बघा, ग्रेनच्या दिशेने तो सहज वळतो, आडवा दुमडला की विरोध करतो. खात्री नसेल तर दोन इंची चौकोन कापा, त्यावर मूळ तावाच्या उभ्या बाजूचा बाण काढा आणि एका अंगाने ओला करा. चौकोन गुंडाळून नळी होते. नळी ज्या दिशेने लांब, तो ग्रेन. पुठ्ठ्याचा पूर्ण ताव दोन्ही हातांनी धरून वाकवला तर फरक लगेच जाणवतो, पण लहान तुकडा कापल्यावर कळणं अवघड जातं. दुकानदार कप्पा बोर्ड, म्हणजे वहीचा जाड पुठ्ठा, कापून देताना ताव वाया जाणार नाही असा कापतो, ग्रेन त्याच्या डोक्यात नसतो. म्हणून पूर्ण तावावरच पेन्सिलने चार-सहा ठिकाणी बाण काढून घ्या आणि मगच कापायला सांगा. स्टेशन रोडच्या स्टेशनरीवाल्याकडे कापा की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर, बाण काढायला कुणी नाही म्हणत नाही.

पानांच्या बाबतीत अडचण झेरॉक्सच्या एफोर कागदाची आहे. तो घरात असतोच, त्यामुळे बहुतेक जण पहिली वही त्याचीच करतात. या कागदाचा ग्रेन सहसा लांब बाजूला, म्हणजे २९७ मिमीच्या बाजूला समांतर असतो. तो मधोमध दुमडून एफाइव्ह आकाराची वही केली की ग्रेन कण्याला आडवा पडला. ती वही पावसात लाटा मारणारच, शिलाई कितीही सुंदर असो. याला दोन सोपे मार्ग आहेत. एक, एथ्रीचा ताव घ्यायचा, त्याचा ग्रेन लांब बाजूला आहे ना ते तपासायचं, आणि मधे कापून दोन एफोर करायचे. आता या एफोरचा ग्रेन आखूड बाजूला समांतर आहे, त्यामुळे दुमडल्यावर तो बरोबर कण्याबरोबर उभा येतो. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. नेहमीचाच एफोर दोनदा दुमडायचा आणि एसिक्स आकाराची खिशातली वही करायची. पहिल्या घडीला आडवा पडलेला ग्रेन दुसऱ्या घडीला आपोआप सरळ होतो. नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही छोटी वही करायला सांगते. दहा वह्या करणार असाल तर २३×३६ इंचाचे पूर्ण ताव आणणं स्वस्त पडतं, शिवाय ग्रेन तुमच्या हातात राहतो.

हातकागदाची गोष्ट वेगळी. पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा हाताने उचललेला कागद असेल तर त्यात तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात, ग्रेन जवळजवळ नसतोच. अस्तराला तो छान चालतो, पण जाड असतो आणि पाणी भरपूर पितो, हे लक्षात ठेवून खळ बेताने लावायची.

आता बाहेरचं कापड.

आपल्याकडे वहीला घरातलं कापड लावायची हौस मोठी: इरकलीचा पदर, पैठणीचे काठ, आजीच्या नऊवारीचा तुकडा, खण. मलाही त्या वह्या सगळ्यात आवडतात. पण साडीचं कापड बायंडिंग क्लॉथसारखं वागत नाही. बायंडिंग क्लॉथच्या पाठीला कागद किंवा खळीचा थर असतो, म्हणून फेविकॉल मागेच राहतो. नुसत्या सुती कापडातून तो आरपार जातो.

नेरुळच्या एका मैत्रिणीने खणाची वही दुरुस्तीला आणली होती. जांभळा खण, त्यावर बारीक बुट्टे. जवळ धरून बघितल्यावर बुट्ट्यांच्या मधे पांढुरके, चकाकणारे ठिपके दिसत होते आणि तिथे बोट फिरवलं की कापड टणक लागत होतं. फेविकॉल वर आला होता. पुठ्ठ्याची मोकळी कड इतकी उचललेली की खाली करंगळी सहज जात होती. आत अस्तर म्हणून झेरॉक्सचा साधा पातळ कागद, तोही आडव्या ग्रेनचा. म्हणजे बाहेर फेविकॉल पिऊन ताठ झालेलं जाड कापड आणि आत त्याच्याशी बरोबरी करू न शकणारा कागद. ती वही दाबाखाली वर्षभर ठेवली असती तरी बाहेर आल्यावर उघडलीच असती.

अशा कापडाला आधी पाठ द्यावी लागते. कापड उलटं करून काचेवर किंवा ओट्यावर पाण्याचा हलका फवारा मारून सपाट पसरायचं, आडवे-उभे धागे हाताने सरळ करायचे. पातळ कागदाला, टिश्यूसारखा पण चिवट हवा, मैद्याची खळ लावायची आणि तो कागद कापडाच्या पाठीवर टाकून मऊ ब्रशने मधून बाहेर असा बसवायचा. खळ कागदाला लावायची, कापडाला नाही. पूर्ण वाळल्यावर उचलायचं. एवढं जमणार नसेल तर टेलरिंगच्या सामानाच्या दुकानात इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग मिळतं, ते कापडाच्या मागे लावलं तरी फेविकॉल वर यायचा बराचसा थांबतो. माझं मत विचाराल तर कागदाची पाठ जास्त चांगली, वही हाताला वेगळी लागते.

खळ घरी करायला काहीच अवघड नाही. एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढुरकेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची आणि गार झाल्यावर गाळून घ्यायची. पावसाळ्यात ती बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे. स्वयंपाकघरात, मुलं हाताळणार असलेल्या वहीसाठी ते वापरू नका.

खळीत पाणी जास्त, म्हणून ती कागदाला जास्त फुगवते आणि सुकताना जास्त ओढते. फेविकॉलमध्ये पाणी कमी, तो पटकन धरतो, पण चुकलेला कागद सरकवायला वेळ देत नाही. मी बाहेरच्या कापडाला दोन्ही निम्मं-निम्मं मिसळून लावते आणि आतल्या अस्तरालाही तेच. दोन्ही बाजूंना एकच मिश्रण असलं की ओढीचा अंदाज राहतो. कण्याला मात्र पांढरा साधा फेविकॉल, पातळ थर. सुतारकामाचा वापरला तर कणा ताठ होतो आणि वही उघडताना कुरकुरते. थर किती? ब्रश फिरवल्यावर कागदाचा रंग अंधुक दिसत राहिला पाहिजे. पांढरा ढीग दिसला की जास्त झालं. जादा म्हणजे घट्ट, हा समज वहीच्या बाबतीत अजिबात खरा नाही. जादा फेविकॉल म्हणजे जादा पाणी, आणि जादा पाणी म्हणजे बाक.

सुकवण्याबद्दल इथल्या हवेचा विचार करून बोलायला हवं. बाहेरच्या पुस्तकांत आणि व्हिडिओत रात्रभर दाबून ठेवा असं सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, खाडीच्या बाजूला तर भिंतीसुद्धा ओलसर लागतात. त्या दिवसांत रात्रभरात वही वरून कोरडी वाटते, पण पुठ्ठ्याच्या पोटात ओल असते. ती वही बाहेर काढून टेबलावर ठेवली की वरची बाजू आधी सुकते, उन्हात घातलेल्या पापडासारखी कड उचलते, आणि आपण म्हणतो दाब कमी पडला.

तेव्हा पावसाळ्यात तीन दिवस धरा. अस्तर चिकटवल्यावर अस्तर आणि पानं यांच्यामधे बटर पेपर घाला, म्हणजे ओल पानांत उतरत नाही. बटर पेपरच्या वर, अस्तराला लागून, टिपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट. छापलेलं वर्तमानपत्र नको, शाई उठते. पहिल्या दिवशी तीन-चार तासांनी टिपकागद बदला, नंतर सकाळ-संध्याकाळ. बदलला नाही तर ओल तिथेच कोंडून राहते आणि बुरशीचे करडे ठिपके धरतात, ते पुसून जात नाहीत. वजनासाठी स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम कुठे चाललं असेल तर तिथून कडप्प्याचा उरलेला तुकडा मागून आणा. सपाट, जड, आणि वहीपेक्षा मोठा मिळाला तर प्लायचीही गरज नाही. कडप्पा आणि वही यांच्यामधे एक स्वच्छ कागद ठेवा एवढंच. पंख्याखाली ठेवा, उन्हात ठेवू नका, इस्त्री फिरवू नका. दोन्हीने एकच बाजू झटकन आकसते.

अस्तर लावायच्या आधी शिवलेला गठ्ठाही कोरडा हवा. कण्याला सकाळी फेविकॉल आणि गॉज, म्हणजे जाळीदार कापडाची पट्टी, लावलं आणि संध्याकाळी पुठ्ठ्यात बसवलं, असं पावसात करू नये.

एक प्रकार असा असतो की त्यात बांधणीचा दोष नसतो. रेक्झिनचं किंवा प्लास्टिकचा थर असलेलं कव्हर हवेतली ओल आत जाऊ देत नाही. पावसाळ्यात पुठ्ठा फक्त आतल्या कागदाच्या बाजूने ओल पितो, आतली बाजू फुगते, कड बाहेर उचलते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की वही आपोआप मिटते. तसंच सुती कव्हरची वही घरून ऐरोलीच्या किंवा महापेच्या ऑफिसात नेली, एसीखाली टेबलावर पडली, तर वरचा पुठ्ठा बाहेरून सुकून उचलतो. ओळखायचं सोपं आहे: ती वही एसी नसलेल्या खोलीत दोन दिवस उभी ठेवा, पुस्तकांच्या रांगेत, दोन्ही बाजूंना सारखा आधार देऊन. परत सरळ झाली तर तिला हात लावू नका.

आता ज्या वह्या खरंच वाकल्या आहेत त्यांचं. कव्हर तयार आहे पण वही अजून त्यात बसवलेली नाही, तर काम सोपं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, कापडाच्या दुमडलेल्या कडांच्या मधल्या जागेत, उभ्या ग्रेनचा १०० जीएसएमच्या आसपासचा कागद खळीने चिकटवा आणि दाबात सुकवा. जाड कापडाच्या वह्यांना मी हे अस्तराखालचं अस्तर नेहमीच लावते. कडांची उंचीही भरून निघते, वरच्या कागदावर त्यांचा वळ उठत नाही.

वही पूर्ण झाली आहे आणि पुठ्ठा बाहेर वळलाय, तर आतल्या अस्तरावर आणखी एक कागद चढवायचा. कडेने २ मिमी लहान, ग्रेन उभा. यावेळी फेविकॉल नको, पातळ खळ. खळ लावल्यावर कागद एक-दोन मिनिटं तसाच राहू द्या. तो आधी गुंडाळतो, मग सैल होऊन सपाट पडतो. म्हणजे तो पुरता पसरला. आता चिकटवला की सुकताना चांगला ओढतो आणि पुठ्ठ्याला आत आणतो. वाट न बघता चिकटवला तर तो पुठ्ठ्यावरच पसरतो आणि फुगे धरतो. बटर पेपर, टिपकागद, कडप्पा, तीन दिवस. नेरुळच्या त्या खणाच्या वहीला हेच केलं, जांभळ्याला शोभेल असा मोतिया रंगाचा कागद लावून. कड खाली बसली. कापडावरचे फेविकॉलचे ठिपके मात्र तसेच आहेत, त्यांना उपाय नाही.

पुठ्ठा आत जास्तच वळला असेल तर बाहेरून काही चढवता येत नाही. पुढच्या वेळी अस्तर पातळ घ्या आणि खळीचं प्रमाण कमी करा.

ग्रेन चुकून वर-खाली वाकलेल्या किंवा पीळ पडलेल्या पुठ्ठ्याला कागद चढवून सुधारायला जाऊ नका. एकीकडचा बाक दबला की दुसरीकडचा उठतो. पण म्हणून शिवलेली वही टाकायचीही नाही. धारदार ब्लेडने खाचेत, पुठ्ठ्याच्या लगत, अस्तर आणि त्याखालचं गॉज अलगद कापा. ब्लेड पुठ्ठ्याच्या बाजूला टेकवून चालवा, म्हणजे शिलाईचा दोरा वाचतो. गठ्ठा सुटा होतो. कण्यावरचं जुनं गॉज घट्ट असेल तर राहू द्या, त्याच्यावर दोन्ही बाजूंना इंचभर बाहेर येईल असं नवीन गॉज लावा. पहिल्या आणि शेवटच्या पानाला कण्यालगत ४ मिमी फेविकॉल लावून नवीन अस्तर जोडा, ते सुकू द्या, आणि उभ्या ग्रेनचे पुठ्ठे कापून नवं कव्हर करा. जुन्या कव्हरवरचं कापड कडेने सोडवून बघा. खळीने चिकटवलेलं असेल तर ओल्या फडक्याखाली थोड्या वेळात सुटतं आणि धुऊन परत वापरता येतं. फेविकॉलचं असेल तर बहुतेक फाटतं. आजीच्या साडीचा एकुलता एक तुकडा असेल तर तो लावताना खळच वापरा.